सीता दिसली पाहिजे

वर्गात नाटकातील प्रवेश वाचावयाचा असला, की माझ्या अंगी एक वेगळाच उत्साह संचारत असे. चश्मा पुसून घ्यावा, पुस्तक डाव्या हातात धरावे आणि राजापासून द्वारपालापर्यंत सर्वांची भाषणे आपणच म्हणावीत, हा माझा तीस-पस्तीस वर्षांचा परिपाठ होता. राजाला खर्जातला स्वर, राणीला मृदू, विदूषकाला किंचित नाकातला. मुले तल्लीन होऊन ऐकत. निदान मला तरी तसे वाटे. शिवाय आमचे गाव नाशिक. 'नटसम्राट' लिहिणारे कुसुमाग्रज याच गावात राहिले आणि वसंत कानेटकर येथल्याच महाविद्यालयात शिकवीत होते. अशा गावात मराठी शिकवणाऱ्याने नाटक मनापासून शिकवू नये, तर कोणी शिकवावे?

मुख्याध्यापकपदावरून मी निवृत्त झालो आणि नाटकांची पुस्तके कपाटात गेली. पुढे २०१९ च्या दिवाळीची सुट्टी संपल्यावर आमच्या शाळेतील मराठीचे तरुण शिक्षक घरी आले. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. तो आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी सातवीच्या मुलांकडून एखाद्या अभिजात नाटकातील प्रवेश करवून घ्याल का, असे त्यांनी विचारले. "आता वर्गात प्रोजेक्टर आहे, सर. इंटरनेट आहे. हवे ते भिंतीवर दाखवता येते," असेही ते म्हणाले.

"नाटकाला भिंत लागत नाही, जीभ लागते," मी काहीशा तोऱ्यातच उत्तर दिले. त्या तोऱ्याचे पुढे काय झाले, ते सांगतोच.

नाटक मी निवडले ते भवभूतीचे 'उत्तररामचरित'. भवभूती हा आठव्या शतकातील महाकवी. विदर्भातील पद्मपूर हे त्याचे मूळ गाव. त्याचे हे नाटक सात अंकांचे आहे, आणि त्यातील एक संबंध अंक आपल्या पंचवटीत, गोदावरीच्या काठी घडतो! आमची मुले ज्या रामकुंडावरून सायकली पिटाळीत शाळेत येतात, तोच हा परिसर, असे आम्ही नाशिककर पिढ्यान् पिढ्या मानत आलो आहोत. नाटकातील 'जनस्थान' हे नावही मुलांना ओळखीचे होते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा साहित्यातील मोठा पुरस्कार त्याच नावाने दिला जातो. परशुरामतात्या गोडबोले यांनी एकोणिसाव्या शतकातच हे नाटक मराठीत आणले होते. पण त्यांची भाषा आजच्या मुलांना जड जाईल, म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या अंकांतील थोडा थोडा भाग मी सोप्या मराठीत लिहून काढला.

पहिला तास माझ्या मते उत्तम झाला. मी जुन्या पद्धतीने सर्व भाषणे म्हटली. रामाच्या शोकाच्या जागी माझाच कंठ दाटून आला. तरुण शिक्षकांनी आपला मोबाइल खिडकीत ठेवून सारा तास ध्वनिमुद्रित केला होता. तो त्यांनी संध्याकाळी मला पाठवला. मी मोठ्या हौसेने ऐकू लागलो. पाच मिनिटे झाली, दहा झाली, वीस झाली. पस्तीस मिनिटांच्या त्या तासात माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाचा आवाज केवळ दोन वेळा ऐकू आला. एकदा सर्व वर्ग एका सुरात "हो, सर" म्हणाला आणि एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सर, पाणी प्यायला जाऊ?"

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. तीस-पस्तीस वर्षे मी नाटक शिकवीत होतो की करीत होतो? भवभूतीचे शब्द माझ्या जिभेवर चढले होते; मुलांच्या जिभेला त्यांची चव लागलीच नव्हती. हे मला कोणा तपासनिसाने कधी सांगितले नव्हते. तळहाताएवढ्या यंत्राने सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी भाषणांचे कागद मुलांच्या हाती दिले आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसलो. मुलांनी वाचावे, मोबाइलने टिपावे आणि सर्वांनी ऐकावे, असा क्रम ठरला. आरंभी मोठीच गंमत उडाली. स्वतःचा आवाज ऐकून प्रत्येक जण ओरडे, "हा माझा आवाज नव्हेच!" त्यालाही कारण आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून जसा कानात शिरतो, तसा डोक्याच्या हाडांतूनही आत पोहोचतो, म्हणून तो आपल्याला अधिक भरदार वाटतो. यंत्रातून येतो तो केवळ हवेतून येणारा, म्हणजे जगाला ऐकू येणारा आवाज. मुलांना हे पटले, परंतु रुचले नाही. मग आवाज सुधारण्यासाठी जी धडपड सुरू झाली, ती माझ्या शंभर उपदेशांनी झाली नसती.

तरुण शिक्षक आणखी एक पाऊल पुढे गेले. प्रत्येकाच्या उत्तम वाचनाची त्यांनी एकेक चौकोनी खूण तयार करून ती वहीत चिकटवली. मोबाइल त्या खुणेसमोर धरला, की आवाज सुरू! पाठ्यपुस्तकांत तुम्ही हे क्यूआर कोड पाहिलेच असतील. ही युक्ती १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाली. आपल्याकडे ती पाठ्यपुस्तकांत आणण्यात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा आहे. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मोटारीच्या भागांसाठी निघालेली खूण अखेर आमच्या सातवीच्या वहीत भवभूतीच्या कामी आली, हे पाहून मला मोठी मौज वाटली.

आता प्रोजेक्टरची हकिकत. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात एक फार सुंदर प्रसंग आहे. लक्ष्मण राम आणि सीता यांना चित्रे दाखवीत असतो, आणि ती चित्रे त्यांच्याच गत आयुष्याची असतात. वनवासातील चित्रे पाहता पाहता सीता भयभीत होते. तेव्हा राम तिला आठवण करून देतो, की हे केवळ चित्र आहे. मुलांनी आमच्या वर्गाच्या भिंतीवरच हे चित्रदर्शन उभे करायचे ठरवले. ज्याच्या त्याच्या घरच्या मोबाइलमधून पंचवटीची छायाचित्रे आली. काळाराम मंदिराचा दगडी कळस, सीतागुंफेजवळचे वड, रामकुंडाच्या पायऱ्या आणि पहाटेच्या धुक्यातील गोदावरी. एकामागून एक ती भिंतीवर उमटू लागली आणि प्रत्येकाची ओळख करून देताना मुलांना तोंड पुरेना.

इतक्यात एक छायाचित्र आले, ते ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे. नाशिकला गोदावरीच्या पात्राजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आले, कमरेपर्यंत आले, अशा शब्दांत आम्ही नाशिककर पूर मोजतो. त्या छायाचित्रात नदी तपकिरी आणि अफाट दिसत होती; काठावरची दुकाने ओळखू येत नव्हती. वर्गात "बाप रे!" असा गलका झाला. सीतेचे काम करणारी मुलगी मात्र एकाएकी मान खाली घालून बसली. तिच्या घरचा फुलांचा व्यवसाय. त्यांची टपरी त्याच पुरात वाहून गेली होती. हे मला ठाऊक नव्हते. मी उठून प्रोजेक्टर बंद करणार, तोच रामाचे काम करणारा मुलगा तिच्याकडे वळून हलकेच म्हणाला, "अगं, फोटो आहे तो. पाणी केव्हाच ओसरलं."

मी जागच्या जागी थांबलो. त्याने पाठ केलेले वाक्य म्हटले नव्हते. ते त्याला आपोआप सुचले होते. बाराशे वर्षांपूर्वी भवभूतीने जे लिहिले, ते आमच्या वर्गात सहज बोलले गेले. त्या प्रसंगाचे स्पष्टीकरण मला करावे लागले नाही. थोड्या वेळाने ती मुलगीच म्हणाली, "सर, तो फोटो राहू द्या. मी घाबरते ती जागा तिथेच घेऊ."

खरा पेच पडला तो तिसऱ्या अंकात. या अंकाचे नावच 'छाया' असे आहे. सीतेच्या त्यागाला बारा वर्षे लोटली आहेत आणि राम पुन्हा पंचवटीत आला आहे. भागीरथीच्या कृपेने सीताही तेथेच आहे. पण ती कोणाला दिसत नाही. वनदेवी वासंती हिलासुद्धा नाही. केवळ तमसा नदी मानवी रूपाने तिच्याबरोबर आहे आणि तिला पाहू शकते. प्रथम दुरून येणारा रामाचा आवाज ऐकूनच सीता त्याला ओळखते. जुन्या खुणा पाहून राम मूर्च्छित पडतो, सीता त्याला हाताने स्पर्श करते आणि तो सावध होतो. स्पर्श ओळखीचा आहे, पण डोळ्यांपुढे कोणी नाही! आता ही न दिसणारी सीता शाळेच्या रंगमंचावर दाखवावी कशी?

एका मुलाचा मोठा भाऊ लग्नसमारंभांचे चित्रण करीत असे. त्याच्याकडून थोडीफार विद्या शिकलेला हा धाकटा पुढे सरसावला. "सर, सीतेला गायब करणं अगदी सोपं आहे!" आणि खरोखरच दोन दिवसांत त्याने ते करून आणले. आधी रिकाम्या जागेचे चित्रण करावयाचे, मग सीता तेथे असतानाचे, आणि संगणकावर दोन्ही एकमेकांवर बसवून सीता हळूहळू पुसून टाकावयाची. कल्पना जुनीच आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि त्यांनी आपले कितीतरी चित्रपट नाशिकला काढले. त्यांच्या चित्रपटांत देव प्रकट होत आणि अदृश्य होत, ते अशाच युक्त्यांनी. फाळके स्वतः जादूगारही होते. आपले आडनाव उलटे करून 'केल्फा' या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. त्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन' चित्रपटात तर अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता ही दोन्ही कामे केली! हे ऐकून आमच्या रामाने सीतेकडे संशयाने पाहिले आणि वर्गात हशा पिकला.

तर भिंतीवर ते चित्रण सुरू झाले. सीता विरळ होत होत हवेत विरून गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग राम मूर्च्छित पडला. भिंतीवर तो एकटाच. काही क्षणांनी तो आपण होऊन उठून बसला. पुन्हा टाळ्या झाल्या, पण पहिल्यापेक्षा कमी.

"पण मग सीता कुठंय?" फुलवाल्यांची मुलगी म्हणाली.

"गायब झाली ना! तेच तर दाखवलंय," चित्रण करणारा उत्तरला.

"रामाला नाही दिसली पाहिजे. आपल्याला दिसली पाहिजे. ती रडतेय, त्याच्या कपाळावर हात ठेवतेय, हे आपल्याला कळलं नाही, तर तो नुसता झोपून उठला असंच वाटणार."

वर्ग स्तब्ध झाला. मीही. तिसरा अंक मी किती वेळा वाचला होता. पण ही साधी गोष्ट इतक्या स्वच्छपणे मला कोणी सांगितली नव्हती. यंत्राने सीतेला रामापासून लपवले, त्याबरोबर आमच्यापासूनही लपवले. भवभूतीचे सारे सामर्थ्य यात आहे, की जे रामाला ठाऊक नाही ते प्रेक्षकांना ठाऊक असते, आणि त्या ठाऊक असण्याचेच त्यांना दुःख होते.

"मग करायचं कसं?" मी विचारले. उत्तर खरोखरच मजजवळ नव्हते.

तमसेचे काम करणारी मुलगी जरा विचार करून म्हणाली, "कोणी तिच्याकडे बघायचंच नाही. मी सोडून."

एवढाच उपाय! ना पडदा, ना धूर, ना दिव्यांची करामत. मात्र तो जितका साधा, तितकाच अवघड. समोरून माणूस चालत गेले, की डोळे आपोआप त्याच्याकडे वळतात. वासंती तर दर वेळी चुकून सीतेला वाट करून देई. मग मुलांनी एक सराव काढला. राम आणि वासंती यांनी डब्यातील भाजीविषयी गप्पा मारावयाच्या आणि सीतेने त्यांच्यामधून, मागून, अगदी नाकासमोरून फिरावयाचे. जो पाहील तो हरला. येथे चित्रण करणाऱ्या मुलाची विद्या पुन्हा उपयोगी पडली. आपली युक्ती नापसंत झाल्याने तो दोन दिवस रुसला होता, पण तिसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, "मी सगळ्यांचे डोळे टिपतो." सराव झाला, की तो चित्रण अगदी संथ गतीने भिंतीवर दाखवी आणि वकिलाच्या थाटात म्हणे, "हे पाहा, इथे रामाने डोळा वळवला!" पुरावाच समोर असल्याने वादाला जागा उरत नसे. जानेवारीच्या अखेरीस आमचा राम इतका तयार झाला, की सीतेने कानाशी टाळी वाजवली तरी त्याची पापणी हलेना.

२७ फेब्रुवारी २०२० रोजी शाळेच्या सभागृहात प्रवेश झाला. पोशाख साधे, रंगरंगोटी बेताची. चित्रदर्शनाला मात्र मागच्या पडद्यावर पंचवटीची छायाचित्रे होती. सारे ठीक झाले, एवढेच सांगतो. फक्त एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. राम सीतेच्या नावाने हाका मारीत होता आणि सीता त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तेव्हा पहिल्या रांगेतील एक आजीबाई न राहवून मोठ्याने म्हणाल्या, "अरे बाळा, मागं बघ ना! तुझ्या मागंच उभी आहे रे ती!" सभागृह हसले. आमचा राम हसला नाही, आणि त्याने मागेही पाहिले नाही. सातव्या अंकात भवभूतीने नाटकातच एक नाटक योजले आहे. ते पाहता पाहता राम स्वतःला विसरतो आणि हे नाटक आहे, असे लक्ष्मणाला त्याला सांगावे लागते. त्या आजीबाईंना मात्र तसे सांगावयास कोणी धजला नाही.

मार्च महिन्यात करोनाची साथ आली आणि शाळा बंद झाल्या. जूनमध्ये ही मुले आठवीत गेली, पण वर्गात नव्हे; मोबाइलच्या पडद्यावरील लहान लहान चौकटींत. मी यंत्राशी एव्हाना मैत्री केली होती, म्हणून मलाही अधूनमधून बोलावणे येई. एके दिवशी मुले म्हणाली, "सर, तिसरा अंक पुन्हा करू या." तेव्हा ध्यानात आले, की राम हजर नाही. त्याचे वडील भाजीच्या वाहनावर चालक. घरात मोबाइल एकच, आणि तो दिवसभर त्यांच्याबरोबर रस्त्यावर. आम्ही ज्याला वर्ग म्हणत होतो, त्यात आमचा राम तीन आठवडे आलेलाच नव्हता. इतक्या चौकटींत एक चौकट कमी आहे, हे मला कोणी सांगेपर्यंत दिसले नव्हते.

मग प्रवेश निराळ्या रीतीने करायचे ठरले. प्रत्येकाने आपले भाषण सवडीने ध्वनिमुद्रित करून पाठवावे, ते ऐकून पुढच्याने आपले पाठवावे. रामाचे पहिले भाषण रात्री साडेदहानंतर आले. वडील घरी परतल्यावर तो गच्चीवर जाऊन बोलला होता. मागे पावसाचा आवाज होता आणि कुठेतरी कुत्रे भुंकत होते. त्यावर सीतेचे उत्तर सकाळी सहाला आले. फुले ओवण्यापूर्वी तिला तेवढीच सवड असे. वासंती दुपारी बोलली. पुन्हा रात्र होईपर्यंत सारे रामासाठी थांबून राहिले. नऊ मिनिटांचा तो प्रवेश अशा रीतीने अकरा दिवस चालला.

चित्रण करणाऱ्या मुलाने सर्व तुकडे एकत्र जोडावयास घेतले आणि त्याचा मला दूरध्वनी आला. "सर, राम बेशुद्ध पडल्यावर सीतेनं जे पाठवलंय, त्यात काहीच नाही. आठ सेकंद नुसती शांतता. काहीतरी चुकलंय. काढून टाकू?"

मी सीतेला विचारले. ती म्हणाली, "चुकलं नाही, सर. तिथं मी हात ठेवलाय."

मी त्याला कळवले, की ती आठ सेकंदे तशीच राहू दे.